एका क्रियापदावर काढलेला हिवाळा

वरच्या मजल्यावरची खोली आम्ही मुलासाठी बांधली होती. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, तिथंच त्यानं फ्लॅट घेतला, आणि त्या खोलीत माझे पापड, एक मोडका कूलर आणि ह्यांची व्यायामाची सायकल राहू लागली. हे चिकलठाण्याच्या एका कारखान्यातून रिटायर झाले आणि पहिल्याच आठवड्यात म्हणाले, "वरच्या खोलीत पाव्हणे ठेवू. फॉरेनचे. अजिंठा-वेरूळ बघायला येतात, हॉटेलात किती पैसे घालतात!"

"आणि त्यांच्याशी बोलायचं कुणी?" मी विचारलं.

"मी हाय की. सगळा जन्म इंग्रजी मशिनींवर काढला मी."

ते खरंच होतं. ह्यांचं इंग्रजी मशीनचं होतं. ऑईल, प्रेशर, ओव्हरहीट, ब्रेकडाऊन. पुढं एका पाहुण्याला सर्दी झाली तेव्हा ह्यांनी फार काळजीनं विचारलं होतं, "सर, लीकेज?"

माझं तर तेवढंही नव्हतं. मी पाचोड गावची. शाळेत इंग्रजीच्या बाई धडा इंग्रजीत वाचायच्या आणि अर्थ मराठीत सांगायच्या. मी अर्थ तेवढा ऐकला. त्यामुळं धड्यातला लाकूडतोड्या प्रामाणिक होता एवढं मला पक्कं ठाऊक होतं, पण तो कोणत्या भाषेत प्रामाणिक होता ते काही लक्षात राहिलं नाही.

मुलानं मोबाईलवर खोलीची जाहिरात टाकून दिली आणि पहिला पाहुणा आला. ताडासारखा उंच, दाढी राखलेला तरुण. पहिल्याच सकाळी हे दूध आणायला गेले होते आणि तो खाली उतरून हसत मला म्हणाला, "कॅन आय गेट सम टी?"

मला ऐकू आलं ते गेट. म्हटलं, सकाळी फिरायला जायचं असेल. मी पदर खोचून गेले आणि अंगणाचं लोखंडी गेट उघडलं. तो जागचा हलला नाही. पुन्हा म्हणाला, "सॉरी, कुड आय गेट अ कप ऑफ टी?" एवढा मोठा माणूस अर्ध्या गेटातून कसा जाणार, असं वाटून मी गेटाची दुसरी बाजूही उघडली. तेवढ्यात एक गाय आत आली. मग आम्ही दोघांनी मिळून गाय बाहेर काढली आणि त्या धांदलीत चहा राहिलाच.

हे सगळं शेजारच्या आपा त्यांच्या ओट्यावरून बघत होत्या. आपा शहागंजच्या एका उर्दू शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. त्यांच्या मुलानं आमच्या कॉलनीत घर बांधलं तेव्हा त्या इकडं राहायला आल्या. मांडीवर मेथीची जुडी होती आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"अगं बाई, वो चाय मांग रहा, तुम गेट खोल रहे!"

"गेटच म्हणाला तो, आपा. दोनदा म्हणाला."

"वो गेट अलग, ये गेट अलग." त्यांनी मला हातानं बोलावलं आणि निम्मी मेथी माझ्यापुढं सरकवली. "बैठो. इंग्रजीत क्रियापदं ढिगानं आहेत. तुम्हाला कायकू पायजेत सगळी? एक पाठ करा. गेट. बस. सगळं घर चालेल त्याच्यावर."

मग मेथी निवडता निवडता त्यांनी मला गेट शिकवलं. आय गॉट मनी, म्हणजे पैसे मिळाले. गेट मी वॉटर, म्हणजे पाणी आण. आय गेट टायर्ड, म्हणजे मी दमते. गेट होम, म्हणजे घरी पोच. आय गेट यू, म्हणजे तुझं म्हणणं मला समजलं.

मी म्हटलं, "मिळवायचं, आणायचं, दमायचं, पोचायचं आणि वर समजूनबी घ्यायचं, एवढं सगळं एकटीच करते ती?"

"हौ," आपा म्हणाल्या. "तुम्ही करता ना घरात, तसंच."

त्या दिवसापासून मला ते क्रियापद जवळचं वाटायला लागलं.

दुसऱ्या दिवशी आपांनी त्याच्या मागं लागणारे छोटे शब्द शिकवले. अप, डाऊन, इन, आउट, ऑन, ऑफ, ओव्हर. सराव ह्यांच्यावर करायचा असं ठरलं. सकाळी मी खोलीच्या दारात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, "गेट अप!" हे ताडकन उठून बसले. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर एकच गेट ऐकलं होतं, साहेब चिडल्यावर म्हणायचे ते, गेट आउट.

"मी काय केलं गं?" ते म्हणाले. "कुठं जाऊ आता?"

"कुठं नाय. चहा झालाय."

ह्यांना ते क्रियापद मात्र कधीच आवडलं नाही.

त्यानंतर दोन-चार पाहुणे येऊन गेले आणि थंडीच्या सुरुवातीला मॅडम आल्या. इंग्लंडच्या. सत्तरीच्या आसपासच्या, बुटक्या, अंगानं चांगल्या भरलेल्या, पांढरे केस पुरुषासारखे कापलेले. बॅग कुणाला उचलू दिली नाही. दोन दिवस देवगिरी आणि वेरूळ, मग दोन दिवस अजिंठा, असा त्यांचा बेत होता. पहिल्या दिवशी त्या देवगिरी किल्ला चढल्या, वटवाघळांच्या अंधाऱ्या बोगद्यातून गेल्या, सगळ्यात वरच्या तोफेपर्यंत पोचल्या आणि सुखरूप खाली उतरल्या. खाली गाड्या लावतात तिथं पेरूवाले बसतात. तिथं एका पेरूच्या फोडीवरून त्यांचा पाय घसरला.

टॅक्सीवाल्याचा फोन आला तसे आम्ही दवाखान्यात धावलो. खिडकीतल्या मुलीनं ह्यांना विचारलं, "पेशंट तुमच्या कोण लागतात?"

"लागत कुणी नाहीत हो," हे घाईघाईनं म्हणाले, "पायाला लागलंय त्यांच्या."

हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टरांनी पायाला प्लॅस्टर घातलं आणि पाय टेकायचा नाही, प्रवास तर नाहीच, असं सांगितलं. मॅडमना वरची खोली आता चढणं शक्य नव्हतं. आम्ही आमची खोली त्यांना दिली आणि आम्ही वर गेलो. ह्यांना त्यांची सायकल परत मिळाली. पण तिच्यावर कपडेच वाळत राहिले.

पहिल्याच सकाळी मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या. मी विचारलं, "यू गेट स्लीप?" त्या म्हणाल्या, "अ लिटल." मग पायाकडं बघून सुस्कारा सोडला, "ओ वेल. आय ॲम गेटिंग ऑन, यू नो."

हे दारातच होते. मला कोपरानं ढोसून म्हणाले, "गेटिंग ऑन. कळलं का? गाडीत बसायचं म्हणतात. रेल्वेत लिहिलेलं असतंय."

"अहो, डॉक्टरांनी नको म्हटलंय ना जायला."

"मोठ्या माणसाला कोण अडवणार? जायचं म्हणतात तर जायचं."

आणि ते गेले. थोड्या वेळानं रिक्षा दारात. रिक्षावाल्यानं मागच्या सीटवर गादी अंथरलेली, हे मॅडमची बॅग उचलून उभे. मॅडम बिचाऱ्या गोंधळून एकदा ह्यांच्याकडं, एकदा रिक्षाकडं बघत होत्या. त्यांना वाटलं, आम्ही त्यांना घराबाहेर काढतोय. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी कुंपणाशी जाऊन हाक मारली, "आपा! पळा!"

आपा चपला न घालताच आल्या. त्यांनी इंग्रजीत मॅडमना विचारलं, मग डोक्याला हात लावला. "गेटिंग ऑन म्हणजे वय होत चाललंय! म्हातारी होतेय म्हणतात त्या. रिक्षा कायकू?"

हे बॅग खाली ठेवत म्हणाले, "म्हातारपण नि रेल्वे एकाच शब्दात कशाला ठेवलंय मग?"

मॅडमना सगळं कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की प्लॅस्टर पलंगावर आपटलं. रिक्षावाल्याला चहा पाजून परत पाठवला.

त्यानंतर आमचा चांगला जम बसला. माझ्याकडं एकच क्रियापद, पण ते दिवसभर पुरायचं. डॉक्टर गेट, टेन ओक्लॉक. यू गेट अप नो, आय गेट. हॉट वॉटर गेट, बाथ गेट. मॅडम कधी चुका काढत नव्हत्या. आपा मात्र कुंपणापलीकडून कान देऊन असायच्या आणि मध्येच ओरडायच्या, "गेट्स! एस लावा एस!"

मुलानं फोनवर सांगितलं, "आई, मोबाईलमध्ये भाषांतर असतं, बोललं की आपोआप इंग्रजी येतं." त्याचाही प्रयोग केला. दुपारी वरण-भात वाढला होता, वर साजूक तूप. मी मोबाईलपुढं तोंड नेऊन विचारलं, "वरण गोड लागलं का?" मोबाईलमधल्या बाईनं इंग्रजीत काहीतरी सांगितलं. मॅडमनी घास तसाच हातात धरला आणि दचकून वाटीकडं बघितलं. आपांना विचारलं तर कळलं, की मोबाईलनं विचारलं होतं, साखरेनं तुम्हाला मारलं का?

आता हसायची पाळी आपांची. पण मॅडम मागं लागल्या, की हे 'लागलं' काय आहे ते सांगाच. आपा सांगायला बसल्या आणि त्यांचीच पंचाईत झाली. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, फोन लागतो. दार लागतं, डोळा लागतो. जावं लागतं. गाडी लागली म्हणजे स्टँडवर येऊन उभी राहिली, आणि मला गाडी लागते म्हणजे मला मळमळतं. मॅडम कागदावर लिहून घेत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "अँड यू कम्प्लेन अबाउट गेट!"

एकदा दुपारी मी भाजी चिरत होते, हे पेपर वाचत होते आणि मॅडमनी विचारलं, आमचं लग्न कसं झालं. मी सुरी खाली ठेवली. अख्खं लग्न एका क्रियापदात सांगायचं होतं.

"माय फादर गेट मेसेज," मी म्हटलं. "वन बॉय, जॉब इन कंपनी. दे गेट पाचोड. बस गेट लेट. माय मदर गेट पोहे. आय गेट साडी, माय सिस्टर साडी. आय गेट टी. दे गेट टी. ही गेट मी."

मॅडम टाळी वाजवून हसल्या. मग विचारलं, "अँड डिड यू गेट टु चूज?"

हे गेट नवीन होतं. मी कुंपणाशी गेले. आपा म्हणाल्या, "गेट टु म्हणजे करायला मिळणं. विचारतात, तुम्हाला निवडायला मिळालं का?"

मी परत आले. जरा विचार केला. त्या दिवशीचा ट्रे अजून डोळ्यांपुढं होता, स्टीलचा, कडेला मोर कोरलेला. मी मान वर करून बघितलंच नव्हतं. म्हटलं, "ही गेट टु सी मी. आय गेट टु सी टी."

मॅडम हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. ह्यांचा पेपर जरा खाली सरकला. ह्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कपडे वाळत घालताना चिमटे माझ्या हातात देत ते म्हणाले, "तुला बघायला मिळालं असतं तर काय केलं असतंस?"

"नीट बघितलं असतं," मी म्हटलं.

"आन मग?"

"मग काय. चहा दिला असता."

त्यांनी यावर बराच विचार केला असावा. संध्याकाळी आपण होऊन इमरती घेऊन आले.

प्लॅस्टर निघायच्या आधीच मॅडमच्या विमानाची नवीन तारीख ठरली. त्यांच्या मुलीनं तिकडून ठरवली, प्लॅस्टर निघाल्यावर लगेचची. ते सांगताना मॅडम खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "सो आय शांट गेट टु अजंठा आफ्टर ऑल."

याचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही. सगळं कळलं, अजिंठ्याला पोचणं होणार नाही तेही आणि म्हणण्यातलं दुःखसुद्धा. मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जमत नाय कसं? डोली असती तिथं. चार माणसं खुर्चीत बसवून उचलून नेतात." आपांना कुंपणावरून बातमी कळली तशा त्या म्हणाल्या, "मैं भी आती."

"तुम्ही बघितलाय की, आपा."

"नाही बघितला," आपा म्हणाल्या. "दर साल मुलींची सहल जायची, दर साल मी पेपर तपासत बसायची."

मग डॉक्टरांना विचारून एक मोठी गाडी ठरवली. मॅडम पुढच्या सीटवर, पाय उशीवर. मागं आम्ही तिघं, आपांचा खिमा-रोटीचा डबा आणि माझ्या दशम्या, दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत. वाटेत मला गाडी लागली. मॅडमनी मागं वळून विचारलं, "लागली?" उच्चार चांगला होता.

अजिंठ्याला डोलीवाले चौघंही किडकिडीत. मॅडमना खुर्चीत बसवलं, खांद्यांवर दांडे घेतले आणि चौघं पायऱ्या चढू लागले. मॅडमचा जीव खुर्चीत नव्हता. पुढच्या माणसाच्या मानेवरची शीर फुगलेली त्यांना दिसत होती. अर्ध्या वाटेवर त्यांना ते सहन होईना. त्या ओरडल्या, "प्लीज! गेट मी डाऊन! डाऊन!"

पुढचा डोलीवाला थांबला. "काय म्हणतेत?"

"गेट म्हणतेत," मागचा म्हणाला. "डाऊन. खाली गेटावर न्या म्हणतेत."

आणि चौघं झटक्यात वळले, न थांबता पायऱ्या उतरू लागले. चढताना वेळ लागला होता, उतरताना त्यांना कसला वेळ! मॅडम खुर्चीचे हात धरून "नो! नो!" करत होत्या. हे मागं धावत ओरडत होते, "स्टॉप! ब्रेक! ब्रेक मारा!" आपांना धाप लागून त्या एका पायरीवर बसल्या होत्या. तिथूनच त्या वर्गात ओरडावं तशा ओरडल्या, "अरे बाबा, क्रियापद है वो! दरवाज़ा नहीं!"

तिकिटाच्या दारापाशी खुर्ची टेकली तेव्हा हे पोचले. डोलीवाला घाम पुसत म्हणाला, "बाईच म्हणल्या गेट. आम्ही काय मनानं आलो व्हय?"

आपांनी खाली येऊन दोन्हीकडचं समजावलं. मॅडमना वाटत होतं, आपल्या वजनाचा त्यांना त्रास होतोय. डोलीवाल्यांना वाटत होतं, बाईला उतरवलं तर आजची फेरी गेली. शेवटी ठरलं, की दर वळणावर खुर्ची टेकायची, सगळ्यांनी पाणी प्यायचं, मग पुढं. मॅडमनी त्यांना एकेक गोळी खायला दिली, आल्याची, तिकडून आणलेली. पुढच्या डोलीवाल्यानं ती चघळली, थुंकायची जागा शोधली आणि मग इतक्या लोकांसमोर गिळून टाकली.

चित्रांच्या लेण्यात आत अंधार होता. हळूहळू डोळे सरावले तसा भिंतीवरचा एकेक चेहरा दिसू लागला. मॅडमची खुर्ची एका चित्रासमोर ठेवली. आपा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. नंतर मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, की त्यांच्या नवऱ्याला ही चित्रं बघायची फार इच्छा होती. दरवर्षी यायचं ठरायचं. "वी नेव्हर गॉट राऊंड टु इट." दोन वर्षांपूर्वी ते वारले.

मी आपांकडं बघितलं. आपा भिंतीकडंच बघत होत्या. "करू करू म्हणत राहिलो," त्या म्हणाल्या, "राहूनच गेलं." मग थोड्या वेळानं, "मेरा भी वोइच."

हे एका कोपऱ्यात हात मागं बांधून उभे होते. त्यांनी कुठल्याच मशीनचा उल्लेख केला नाही.

प्लॅस्टर निघाल्यावर काठी टेकत मॅडम निघाल्या. विमानतळ आमच्या घरापासून एवढा जवळ, की सोडून परत यायला वेळच लागला नाही. निघताना आपांनी त्यांना इमरतीचा डबा दिला. मी काय बोलावं ते ठरवून ठेवलं होतं, आपांकडून तपासूनही घेतलं होतं, पण ऐन वेळी काहीच आठवलं नाही. मॅडमनी माझे हात धरले आणि म्हणाल्या, "मला जावं लागतं." आपांनी मागून हळूच म्हटलं, "पास."

घरी आल्यावर आम्ही तिघं गच्चीवर गेलो. तिथून उडालेलं विमान स्पष्ट दिसतं. बराच वेळ उभं राहिल्यावर एक विमान वर चढलं. ह्यांनी दोरीवरचा टॉवेल ओढला आणि जोरजोरात हलवायला सुरुवात केली. आपा म्हणाल्या, "उनको नहीं दिखता," आणि त्याही ओढणी हलवू लागल्या. विमान जालन्याच्या बाजूला वळून दिसेनासं झालं तेव्हा मी पदरानं डोळे पुसले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मॅडमचा होता. मघाचं विमान दिल्लीचं होतं. त्यांचं मुंबईचं अजून आलंच नव्हतं. त्या आत बसून इमरती खात होत्या आणि शेजारच्या बाईलाही देत होत्या.

ह्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मी खालून चटई आणि दशम्या आणल्या, आपांनी सकाळचा खिमा आणला, आणि आम्ही मुंबईच्या विमानाची वाट बघत गच्चीवरच जेवायला बसलो.